घड्याळ सव्वादहाचं

शनिवार, 28 नोव्हेंबर 1942, दुपार
बोस्टन कॉलेजचा फुटबॉल संघ होली क्रॉसकडून 55-12 असा सडकून हरला. कोकोनट ग्रोव्ह क्लबातली त्यांची मेजवानी रद्द झाली. हरणं इतकं पथ्यावर क्वचितच पडतं.

रात्री 10.15
त्याच क्लबच्या तळघरातल्या बारमध्ये अंधारात बल्ब बसवायला पोऱ्याने काडी ओढली. आग त्यानेच लागली का, हे चौकशीतही ठरलं नाही. पण कागदी ताडाच्या झावळ्या पेटल्या, पाठोपाठ छताचं कापड. 460 जणांच्या जागेत हजारभर माणसं होती.

10.20
आग जिन्याने वर. फिरता दरवाजा रेट्याने अडकला, इतर काही दारांना कुलपं. एकूण मृत्यू 492.

साडेदहानंतर
मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात 114 जणांना आणलं. उपचारांसाठी जिवंत उरले 39.

इथून दुसरी घटका भरायला लागते. मला तीच जास्त भयानक वाटते, कारण ती दिसत नाही. भाजलेला माणूस शुद्धीवर असतो, पाणी मागतो. आत सूक्ष्म रक्तवाहिन्या चाळणीसारख्या गळतात. पाणी, मीठ, प्रथिनं बाहेर झिरपून अंग सुजतं, रक्त दाटतं. रक्तदाब बराच वेळ तग धरून फसवतो. लघवी त्याआधीच आटते.

मध्यरात्र
हिशेब असा: दर 10 टक्के भाजलेल्या कातडीमागे 24 तासांत 500 मिली प्लाझ्मा. आपल्याकडे बर्न वॉर्डाबाहेर नातेवाईक विचारतात ना, ‘किती टक्के?’ तोच आकडा. पण इथे धुराने फुप्फुसंही पोळलेली. जास्त द्यावं तर छातीत पाणी होण्याची भीती, कमी द्यावं तर शॉक. म्हणून रक्ताचा दाटपणा पुन्हा पुन्हा मोजायचा.

रविवार, सकाळी 6.15
भाजून आठ तास झाले. त्या रात्रीच्या हिशेबात रुग्णाचं वजन नव्हतं. 1952च्या इव्हान्स सूत्रात ते आलं. पुढच्या पार्कलँड सूत्राने 60 किलोच्या, 30 टक्के भाजलेल्या माणसाला 24 तासांत 7,200 मिली रिंगर लॅक्टेट सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. तास भाजल्यापासून धरायचे. रुग्ण दोन तास उशिरा आला, तर ते 3,600 मिली सहाच तासांत. तेही सुरुवातीपुरतंच. तासाला 30 मिली लघवी आली नाही तर धार वाढवायची. भरपूर आली तर लगेच कमी करायची, नाहीतर पोट फुगून मूत्रपिंडंच दाबली जातात.