लाइव्ह कोणासाठी?

विद्यापीठाच्या चेंबर ऑर्केस्ट्राची कॉन्सर्ट आपण घरबसल्या ‘लाइव्ह’ बघतो, ती सहसा काही सेकंद शिळी असते. मधे बफर असतो ना! पण आपलं काही बिघडत नाही. सगळेच सूर सारखेच उशिरा आले की लय जागेवरच राहते.

ऐकणाऱ्याचा प्रश्न तसा फार लवकर सुटला. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनासाठी क्लेमाँ आदेर या इंजिनिअरने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले. लोकांनी दोन कानांना दोन रिसीव्हर लावून गाणं ऐकलं. म्हणजे चक्क स्टिरिओ! पुढे १८९० ते १९३२ हा ‘थिएट्रोफोन’ पैसे घेऊन चालला. २४ जून १९९३ ला ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ हा कॉम्प्युटरवाल्यांचाच बँड कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमधून इंटरनेटवर वाजला, तो पार ऑस्ट्रेलियात दिसला. चित्र १५२ बाय ७६ पिक्सेल!

मग २०२० मध्ये कोविडने विद्यापीठं बंद झाली. विद्यार्थ्यांकडे कॅमेरे होते, इंटरनेट होतं, वेळ तर भरपूर होता. तरी व्हिडिओ कॉलवर चौघांना धड एकत्र वाजवता येईना.

आता तुम्ही म्हणाल, का बुवा? तर आवाज हवेतून १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. कॉलवरचा १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जोडीदार ५० मीटर लांब बसल्यासारखा. मी त्याच्यासाठी थांबणार, तो माझ्यासाठी. लय पडत जाणार. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांना हेडफोन लावून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. उशीर सुमारे ११.५ मिलिसेकंदांहून जास्त झाला की लय मंदावायची. आणि गंमत म्हणजे, त्याहून कमी झाला की पळायची! हे ११.५ मिलिसेकंद म्हणजे हवेतले जेमतेम चार मीटर. चेंबर ऑर्केस्ट्रातली माणसं एकमेकांपासून साधारण इतपतच लांब बसतात.

चेफ यांचं ‘जॅकट्रिप’ हे सॉफ्टवेअर २०२० मध्ये अनेकांनी वापरलं. गावातल्या गावात त्यावर जमतंही. पण फायबरमध्ये १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतातच, त्याला कुठलाही कोड काही करू शकत नाही. तेव्हा गाजलेले ते चौकटीचौकटींचे ऑर्केस्ट्रा व्हिडिओ बहुतेक वेळा एकेकट्याने रेकॉर्ड करून मागाहून जोडलेले असायचे.

म्हणून पुढच्या वेळी असं स्ट्रीम बघाल, तेव्हा खुर्च्या किती जवळजवळ मांडल्यात तेही बघा. कंडक्टर नसला तर सगळे पहिल्या व्हायोलिनचा गज उचलला जाण्याकडे डोळे लावून असतात. तो क्षण आपल्याला उशिरा पोचला तरी चालतं, त्यांना नाही.