आडनावातला डोंगर आणि नोंदीबाहेरचा माळ

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मित्राकडून तुम्ही 'डायक्स्ट्राचा अल्गोरिदम' हे नाव ऐकलं असेल. डायक्स्ट्रा हे नेदरलँड्सच्या फ्रिसलंड भागातल्या धाटणीचं आडनाव. 'डाइक' म्हणजे पाणी अडवणारा बांध आणि 'स्ट्रा' म्हणजे तिथला रहिवासी. थोडक्यात, 'बांधावरचा'. १८११ मध्ये नेपोलियनच्या हुकमानं तिथं आडनाव नोंदवणं सक्तीचं झालं. अनेकांची आडनावं आधीपासून होतीच, पण जी नव्हती तीही तेव्हा कागदावर आली.

आता आपल्याकडे बघू. डोंगरे, पठारे, टेकाडे या आडनावांत जमिनीचा आकार सरळ दिसतो. पण तळेगावकर घ्या. इथं तळ्यावरून गावाला नाव पडलं आणि गावावरून माणसाला. म्हणजे तळं दोन पायऱ्या मागं आहे. शिवाय तळेगाव कुठलं? दाभाडे की ढमढेरे? दोन्ही पुणे जिल्ह्यातच आहेत. 'कोडोलीकर'चंही तसंच. एक कोडोली पन्हाळा तालुक्यात, दुसरी साताऱ्याजवळ. आडनावावरून मूळ गाव ठरवायची घाई केली की प्रबंध इथंच घसरतो. आणि माळी? ते 'माळ' या शब्दावरून आलेलं नाही. त्याचं मूळ संस्कृत 'मालिन्', म्हणजे माळा करणारा. नुसत्या कानावर विसंबू नका.

मुद्द्याचा प्रश्न पुढं आहे. कोडोलीत राहणाऱ्याला कोडोलीत कोणी 'कोडोलीकर' म्हणेल का? नाही. कारण तिथं सगळेच कोडोलीचे. हे नाव गाव सोडल्यावर उपयोगी पडतं. नाव पडतं ते वेगळेपण दाखवायला. गावात एकाच आडनावाची पंचवीस घरं असली, की लोक काय म्हणतात? 'मळ्यातले पाटील', 'माळावरचे', 'ओढ्याकडचे'. डायक्स्ट्राचं खरं भावंड हे आहे, 'कर' लावलेलं आडनाव नव्हे. फरक एवढाच की तिकडं असं नाव सरकारी वहीत चढलं, आणि आपल्याकडं वहीत 'पाटील' गेलं, 'माळावरचे' तोंडातच राहिलं.

म्हणून या विषयावर काम करायचं असेल तर मतदारयादी घेऊन बसणं पुरत नाही. त्यातून फक्त वहीत चढलेली नावं मिळतील. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, तो आधी बघा. मग गावातल्या म्हाताऱ्यांकडं जा आणि विचारा, "अमक्यांना 'ओढ्याकडचे' का म्हणतात?" कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तो ओढा आज कुठं आहे, सगळं तिथल्या तिथं लिहून काढा.

ओढे बुजतायत, माळावर प्लॉट पडतायत. सांगणारी माणसंही कमी होतायत. कागद पुढच्या वर्षीही दप्तरात सापडेल. ही नावं मात्र या सुट्टीतच गोळा करा.