तंजावर दत्तक-व्यवस्था (१७८७–९८)

तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर कोणाचा हक्क, हे ठरवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने शास्त्री-पंडितांचे अभिप्राय मागवले, ते प्रकरण. अशा लेखी अभिप्रायाला ‘व्यवस्था’ म्हणत. ती दोनदा घेतली गेली. प्रश्न तोच होता, उत्तरे उलट आली.

पूर्वपीठिका. कुंभकोणमच्या पंचक्रोशीत पंडितांची वाण कधीच नव्हती. तंजावरचा राजा शहाजी (पहिला) याने १६९३ मध्ये जवळच्याच तिरुविशनल्लूर येथे पंचेचाळीसएक विद्वानांना अग्रहार दिला आणि गावाचे नाव शहाजीराजपुरम ठेवले. धर्मनिर्णयासाठी दरबाराला लांब जावे लागत नसे.

दत्तविधान. दुसऱ्या तुळजाराजाला पुत्रसंतान उरले नव्हते. १७८७ मध्ये, मृत्यू जवळ आला असता, त्याने भाऊबंदांच्या शाखेतला सरफोजी (जन्म १७७७) दत्तक घेतला. राजाचा सावत्रभाऊ अमरसिंह याने हरकत घेतली. मद्रासचे गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी बारा पंडितांना विचारले. त्यांनी दत्तक अशास्त्र ठरवले आणि अमरसिंह गादीवर बसला.

आक्षेप. मुख्य आक्षेप दोन. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक होता. असा पुत्र देऊ नये, घेऊही नये, हे वसिष्ठाचे वचन. दुसरा वयाचा : मूल दहाव्या वर्षात होते आणि कालिकापुराणाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वचनाप्रमाणे पाच वर्षांपुढचा मुलगा दत्तक चालत नाही. दोन्ही वचने खरी, पण ती निषेधाची की केवळ शिफारशीची, यावर धर्मशास्त्राच्या निबंधकारांत जुनाच मतभेद आहे. महाराष्ट्रात मानला जाणारा नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ विवाहित, मुलेबाळे असलेल्या पुरुषालाही दत्तक घेऊ देतो. तोच समोर ठेवला असता, तर निदान वयाचा मुद्दा पहिल्याच बैठकीत निकाली निघाला असता. एकुलत्या एक पुत्राचा वाद मात्र पुढे शंभरावर वर्षे चालला. असे दत्तक ग्राह्य असल्याचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये दिला. तोही सरफोजीच्या नव्हे, दुसऱ्याच खटल्यांत.

फेरव्यवस्था. मुलाचा सांभाळ मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्याकडे होता. १७९३ मध्ये तो तुळजाराजाच्या राण्यांसह मद्रासला हलवला गेला. पहिले पंडित भीतीने किंवा लोभाने बोलले, अशी तक्रार श्वार्ट्झ यांनी वर पोहोचवली. ती कितपत खरी, याविषयी मतभेद आहेत. या वेळी काशी आणि बंगालच्या पंडितांना विचारण्यात आले. त्यांनी दत्तक वैध ठरवले. १७९८ मध्ये अमरसिंहाला उतरवून सरफोजीला बसवण्यात आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला; राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. त्याबद्दल मात्र पंडितांना कोणी विचारले नाही.

साधने. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर बाबूराव चिटणीसाने रचलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे (१८०३). ओळीमागून ओळी देवनागरीत भिंतभर चालतात. वाचणारा सरकत सरकत पुढे जातो. शिलालेखाच्या वेळी गादीवर सरफोजी होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. अमरसिंहाच्या वाट्याला अशी भिंत आली नाही, म्हणून प्रस्तुत नोंदीतही त्याची बाजू तोकडी आहे.

तिरुविडैमरुदूर (मध्यार्जुन). पदच्युत अमरसिंहाचे वास्तव्य कुंभकोणमजवळच्या या क्षेत्री होते, मृत्यू १८०२. येथील महालिंगस्वामी मंदिरात हातांत पणती धरलेल्या स्त्रीची पितळी दीपमूर्ती आहे. मामाचा मुलगा, अमरसिंहाच्या शाखेतला प्रतापसिंह, पती म्हणून मिळावा, यासाठी अम्मणी नावाच्या मुलीने लक्ष दिव्यांचा नवस केला होता, असे तीवरील तमिळ लेख सांगतो. दत्तकाशी याचा संबंध नाही. पण या शाखेचा इतका बोलका पुरावा दुसरा नसल्याने येथे नोंदवला आहे.

कुंभकोणम. पुढच्या काळात सल्ला देणारे शास्त्री मागे पडून दिवाण पुढे आले. त्रावणकोर, इंदूर व बडोद्याचे दिवाण टी. माधवराव (जन्म १८२८) आणि त्यांचे आप्त, विधवाविवाहासाठी शास्त्राधार मांडणारे इंदूरचे दिवाण आर. रघुनाथराव (जन्म १८३१), हे दोघेही येथल्या मराठी ब्राह्मण घराण्यातले.