ब्रह्मपुरीच्या बांगड्या

बहामनी म्हटले की आपल्या मुलांना सुलतान आणि लढाया एवढेच आठवते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयामागची गोष्ट वेगळी आहे.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. १९४६ मध्येच कोल्हापुरात हे संग्रहालय सुरू झाले. ब्रह्मपुरीने सातवाहनकालीन वस्ती दाखवली, रोमशी असलेल्या व्यापाराची साक्ष देणारी समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती दिली आणि वरच्या थरात बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्याही दिल्या. त्या बांगड्या कोणत्या धर्माच्या बाईने घातल्या, हे माती सांगत नाही. बांगडी हिंदू घरातही वाजते, मुसलमान घरातही.

‘तुम्ही बाहेरचे’ हे ऐकत वाढणाऱ्या मुलाला भाषणापेक्षा ही गोष्ट जास्त देऊन जाते. या मातीच्या थरांत आपलाही काळ आहे, हे त्याला कळते.

१८ मेचा जागतिक संग्रहालय दिन आपल्या शाळांच्या सुट्टीत येतो. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह मात्र सोयीचा आहे. तेव्हा आजऱ्याहून मराठी आणि उर्दू शाळेची मुले एकाच एसटीने कोल्हापूरला न्यावीत. परतल्यावर गावातच एक दिवसाचे प्रदर्शन भरवावे. कोणी मोडी कागद आणावा, कोणी निकाहनामा, कोणी आजीचे पानदान. शेजाऱ्याच्या घरातली जुनी वस्तू हातात घेतलेले मूल त्याला परका म्हणताना थोडे अडखळेल.