डिस्टेंपर : एकच शब्द, भिंतीवर रंग आणि कुत्र्याला रोग

आजचा शब्द तुम्ही दोन ठिकाणी हमखास ऐकला असेल. घराला रंग काढायचा म्हटलं की रंगारी विचारतो, "प्लास्टिक पेंट मारू की डिस्टेंपर?" आणि कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की जनावरांचे डॉक्टर विचारतात, "डिस्टेंपरची लस दिली का?" भिंतीवरचा रंग आणि कुत्र्याचा जीवघेणा रोग, दोघांचं नाव एकच कसं? मला वाटायचं की हा निव्वळ योगायोग असणार. पण नाही. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत.

त्या घराचं नाव 'टेंपरारे'. हा लॅटिन शब्द. अर्थ : योग्य प्रमाणात मिसळणं. टेंपरेचर, टेंपरामेंट, रागावलेल्या माणसाचा 'टेंपर' ही सगळी त्याचीच नातवंडं.

आधी रोगाचं बघू. जुन्या ग्रीक वैद्यांचं म्हणणं असं, की शरीरात चार द्रव असतात : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. मिश्रण नीट असेल तर माणूस ठणठणीत, बिघडलं की आजारी. या बिघडलेल्या मिश्रणाला नाव पडलं डिस्टेंपर. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द सापडतो, आणि तो माणसांसाठीच होता. शरीराचा आजार असो की मनाचा, दोन्ही डिस्टेंपरच. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेटलाही हाच शब्द लावलाय.

आपल्याला हे परकं वाटायला नको. वात, पित्त, कफ आपल्या बोलण्यात आहेतच. आपण "प्रकृती कशी आहे?" विचारतो तेव्हा तब्येत विचारतो, आणि "तो तापट प्रकृतीचा आहे" म्हणतो तेव्हा स्वभाव सांगतो. रागावलेल्या माणसाचं तर पित्तच खवळतं!

आता रंग. त्याच लॅटिन मुळापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'पाण्यात भिजवणं, कालवणं' असा अर्थ आला. खडूची पूड, रंग आणि सरस पाण्यात कालवायचे, की झाला डिस्टेंपर. सतराव्या शतकात इंग्रजीत हा अर्थ रुळला. या रंगात प्रमाण हेच सगळं काही. सरस कमी पडला तर भिंतीला टेकल्यावर शर्टाला पांढरी भुकटी लागते. जास्त झाला तर पोपडे निघतात. म्हणजे इथे 'मिश्रण बिघडलं' हे कारण शंभर टक्के खरं.

पण रोगाच्या बाबतीत ते खरं होतं का? खरी गोष्ट इथे सुरू होते.

देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर आठवतोय? त्याने १८०९ मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर निबंध सादर केला. शिकारी कुत्र्यांच्या कळपात त्याने हा रोग जवळून पाहिला होता, आणि त्याचं मत होतं की हा संसर्गाने पसरतो. पुढे १९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारेने दाखवलं, की रोगाचं कारण बारीक गाळणीतूनही पार होतं. म्हणजे जिवाणूहूनही लहान काहीतरी, ज्याला आज आपण विषाणू म्हणतो. बऱ्याच जणांना हे वर्षानुवर्षं पटलं नाही.

१९२० च्या दशकात लंडनजवळ मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी लस तयार केली. प्रयोगासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा लांबुळका प्राणी वापरला, कारण त्यालाही डिस्टेंपर होतो. आणि गंमत बघा, त्याच प्रयोगशाळेत १९३३ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या घशातला द्रव फेरेटना दिला, तेव्हा त्यांना फ्लू झाला. माणसाच्या फ्लूचा विषाणू असा हाती लागला. कुत्र्यांच्या रोगाने माणसाच्या रोगाची वाट दाखवली.

आज आपल्याला माहीत आहे की डिस्टेंपरचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद आहे. तो फक्त कुत्र्यांवर थांबत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने नेले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. त्यांच्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू आहे, हे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत सिद्ध झालं.

म्हणून मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. नाव म्हणजे कारण नव्हे. नावात 'बिघडलेलं मिश्रण' तसंच राहिलं, पण ते कारण चूक निघालं. द्रवांचा समतोल साधत बसलो असतो तर एकही पिल्लू वाचलं नसतं. वाचवलं ते लशीने.

आणि नावातला 'टेंपर' ऐकून हा कुत्र्याच्या रागाचा रोग आहे असंही समजू नका. या रोगात झटके येतात, तोल जातो, मग गल्लीत ओरडा होतो, "पिसाळलंय, मारा!" रेबीज आहे की डिस्टेंपर, हे लांबून बघून आपल्याला कळत नाही. त्यामुळे हात लावू नका, दगडही मारू नका. जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. आणि घरी पिल्लू असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू होते. डोस एकच नसतो, पुढचे चुकवू नका.

भेटू पुढच्या भागात, नव्या शब्दासह. तोवर प्रकृतीची काळजी घ्या, दोन्ही अर्थांनी!