हेलसिंकी ते टोकियो : एक अंतर, अनेक वाटा

फिनलंड आणि जपान हे दोन देश जगाच्या दोन टोकांना आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु पृथ्वीचा गोल हाती घेऊन पाहिले तर या दोघांच्या मध्ये एकच शेजारी आढळतो, तो म्हणजे रशिया. हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत गोलावर दोरा ताणला तर तो सुमारे ७,८०० किलोमीटर भरतो आणि त्याचा बहुतेक भाग सायबेरियावरून जातो. हे अंतर बदललेले नाही. मग या प्रवासाचा वेळ कधी घटला, कधी वाढला, तो का?

प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे, हे तत्त्व १९४४ सालच्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात आहे. सोव्हिएत संघ १९७० पर्यंत त्या करारात नव्हता. तरी आपल्या आकाशावरील सत्ता तो कसोशीने राखीत असे. सायबेरियाची वाट बंद असल्यामुळे उत्तर युरोपातून जपानला जाणारा प्रवासी दक्षिण आशियाला वळसा घालून सुमारे पन्नास तासांनी पोहोचे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून, अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली आणि हा वेळ सुमारे ३२ तासांवर आणला. ध्रुवाजवळ होकायंत्राचा भरवसा उरत नाही. त्यासाठी दिशा राखण्याची वेगळी साधने व वेगळी पद्धत योजावी लागली.

१९६७ साली टोकियो-मॉस्को मार्ग उघडला खरा, पण सायबेरियावरून सरळ पुढे जाण्याची मोकळीक सर्वांना मिळाली नाही. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअर कंपनीचे विमान हेलसिंकीहून न थांबता टोकियोला जाऊ लागले, तेही ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून, सोव्हिएत हद्द टाळीत. त्याला १३ तास लागत. ही हद्द टाळणे किती निकडीचे होते, हे त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाला कळले. अँकरेजहून सोलला निघालेले एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत आकाशात शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे प्राणास मुकली.

१९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर सायबेरियाची वाट हळूहळू मोकळी झाली. हेलसिंकीहून टोकियो साडेनऊ-दहा तासांवर आले. पूर्व आशियाला जाण्याची सर्वांत आखूड वाट आपल्या दारावरून जाते, या भूगोलावरच फिनलंडने आपल्या विमानव्यवहाराची उभारणी केली. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाले; युरोपीय राष्ट्रांनी आपले आकाश रशियाला आणि रशियाने आपले त्यांना बंद केले. मार्चमध्ये फिनएअरचे विमान पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाले. जवळजवळ १३ हजार किलोमीटर, १३ तास.

विमाने १९८३ च्या मानाने पुष्कळ सुधारली होती, इंधन कमी खात होती. तरी घड्याळाचा काटा चाळीस वर्षे मागे गेला. यंत्राने जिंकलेला वेळ राजकारणाने हिरावून घेतला. म्हणून दोन गावे किती जवळ आली हे सांगताना नुसता विमानाचा वेग सांगून भागत नाही. वाटेत ज्याचे आकाश आहे त्या शेजाऱ्याशी सलोखा आहे की नाही, हे आधी विचारावे लागते.