विहिरीची हद्द

विहीर किती खोल, असे विचारले तर जुनी माणसे फुटांत सांगत नसत. 'पाच परस', 'सात परस' असे सांगत. उभ्या माणसाने हात वर केले की होतो तो एक परस. पण पाणी किती, असे विचारले की उत्तराची तऱ्हा बदलायची. 'उन्हाळ्यातसुद्धा मोट चालते', 'चार तास मोटार ओढते, मग दम खाते.' खोली मापाची, पाणी मात्र अनुभवाचे.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. त्याच्या विहिरीशेजारी मुरमाची खाण सुरू झाली आणि विहीर फाल्गुनातच तळाला गेली, अशी त्याची तक्रार. साहेबांनी शांतपणे विचारले, "खाण सुरू होण्याआधी पाणी किती होते? नोंद आहे?" तो म्हणाला, "साहेब, तीन पिढ्या पीत आलो." हे उत्तर कागदावर कसे लिहायचे, हे त्या भल्या माणसालाही कळेना.

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात एका कापड गिरणीच्या मालकाने १८२१ साली आपल्या जमिनीत विहीर खणली. १८३७ मध्ये सुमारे पाऊण मैलावर दुसऱ्याने कोळशाची खाण पाडली. विहिरीचे पाणी घटले. तीन वर्षांनी आणखी जवळ दुसरी खाण पडली आणि गिरणीला पाणी पुरेना. प्रकरण कोर्टात गेले. 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८४३ साली निकाल लागला, तो खाणवाल्याच्या बाजूने. जमिनीखालचे पाणी कुठून येते, कुठे जाते, हे कोणी पाहिलेले नाही. म्हणून नदीच्या पाण्याचा न्याय त्याला लावता येत नाही. ज्याची जमीन, त्याच्या तिच्या खालचे सारे. शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचे दुर्दैव. अज्ञान इथे न्यायाचा पाया झाले. तोच विचार आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात उतरला. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला.

दुसऱ्या एका परंपरेत विहिरीलाच हद्द होती. इस्लामी कायद्यात तिला 'हरीम' म्हणतात. 'हरम' आपल्याला ठाऊक आहे, त्याच कुळातला हा शब्द. मज्जाव असलेली जागा. उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची संहिता तयार केली. तिच्यात विहिरीभोवती चारी बाजूंना ४० आणि झऱ्याभोवती ५०० अर्शीन हरीम सांगितली आहे. अर्शीन हे गजाच्या जातीचे माप. मला याचा अभिमान वाटू लागला होता, पण पुढची कलमे वाचली आणि तो उतरला. ही हद्द बेवारस, पडीक जमिनीत खणलेल्या विहिरीला. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतल्या विहिरीला हरीम नाही. म्हणजे मालकीपाशी येऊन तिथलेही शहाणपण थांबलेच.

महाराष्ट्रात विहिरीला हद्द मिळाली ती १९९३ च्या कायद्याने. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायची नाही, असा त्याचा नियम होता. पण त्या कायद्याचा सारा रोख विहिरींवर होता. मुरमाचा खड्डा ही विहीर नव्हे.

आणि आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात खरे दुखणे नेमके तिथेच आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या, भुगा झालेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. तो झिजलेला थर म्हणजेच मुरूम. रस्त्यावर पसरायला आपण जो ट्रक भरून नेतो, तो खरे तर गावाचा रांजण फोडून नेतो. खड्ड्यात साठलेले निळे पाणी आपल्याला तळ्यासारखे सुंदर दिसते. मीही एकदा त्यावर कविता लिहिली होती. त्यात शेजारच्या विहिरींचे पाझर असतात आणि खाणवाला ते पंपाने उपसून ओढ्यात सोडतो.

२०११ साली हरियाणात गोटे, खडी आणि वाळूच्या खाणींचे लिलाव निघाले. त्यांतल्या पंचकुला जिल्ह्यातल्या काही खाणी साडेचार हेक्टरांच्या आत बसवलेल्या होत्या. पर्यावरण मंजुरीची अट तेव्हा पाच हेक्टरांपासून पुढे होती, हे सांगितले की हिशेब कळतो. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी 'दीपक कुमार' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यालाही मंजुरी हवी, असा आदेश दिला.

अशा मंजुरीपत्रांत बहुधा एक अट असते. आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी: पावसाळ्याआधी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात. अट चांगली आहे. मोजायचे मात्र खाणवाल्यानेच, आणि अहवालही त्यानेच द्यायचा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७१ पासून आहे. तिच्या जुन्या जाळ्यातल्या निरीक्षण विहिरी जवळपास चार हजार. राज्यातली गावे चाळीस हजारांवर. तुमच्या शेजारची विहीर त्यांत असेलच असे नाही.

त्या शेतकऱ्याने आता सुतळीला हात-हातावर गाठी मारल्या आहेत. टोकाला लोखंडी नट बांधला आहे. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो काठावरून सुतळी सोडतो आणि गाठी मोजून नातवाच्या जुन्या वहीत आकडा लिहितो. खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतो. पश्चिमेच्या गटात नव्या खाणीचा अर्ज पडला आहे. तो मंजूर होण्याआधीचे सहा आकडे त्या वहीत आहेत.